भगवानरावाच्या टोचणीचा दाखला

भगवानराव देशमुखाला सगळा चिखली तालुका अहो-जाहो करायचा. तोंडावर मीही केलं. इथे मात्र करणार नाही.

सहासष्ट सालचा श्रावण होता. मी बुलढाण्यात टोचणीच्या सरकारी खोलीत नर्स होते. एक टेबल, दोन खुर्च्या, लस ठेवायची बर्फाची पेटी, स्पिरिटचा दिवा आणि भिंतीला लावलेलं बाक, एवढीच ती खोली. सकाळपासून बाया कडेवर लेकरं घेऊन यायच्या, लेकरं टोचून घेऊन रडत जायची. परदेशी जाणारं माणूस वर्षाकाठी एखादं. त्यांच्यासाठी कपाटात पिवळ्या पुस्तिका ठेवलेल्या असत. परक्या देशात पाय ठेवायचा तर देवी आणि पटकी म्हणजे कॉलरा, दोन्हींची टोचणी घेतल्याची नोंद त्या पुस्तिकेत लागायची. टोचायचं आणि लिहायचं मी, तपासून सही करायची डॉक्टर चौबळसाहेबांनी, आणि त्यावर गोल शिक्का. शिक्का नसला तर मुंबईच्या विमानतळावरूनच माणूस माघारी.

त्या दिवशी दाराशी जीप थांबली आणि भगवानराव आत आला. केस पिकले होते, पोट सुटलं होतं, पण खांदा एका बाजूला टाकून चालायची ढब तीच. मी त्याला उंबऱ्यातच ओळखलं. त्याने मला ओळखलं नाही. ओळखावं असं त्याने माझ्याकडे पूर्वीही कधी पाहिलं नव्हतं.

"नर्सबाई, आमी अमेरिकेले चाललो," त्याने जाड पाकीट टेबलावर टाकलं. "सरकारनं निवडलेल्या शेतकऱ्यांत नाव हाये आमचं. सहा आठवडे तिकडचा कापूस पाहाचा. टोचणीचं काय काय लागते ते यात लिवलं हाये. आजच्या आज करून द्या."

मी कागद वाचला. मुंबईहून विमान एकोणतीस तारखेला होतं. त्या दिवशी सोळा होती.

"नाव सांगा," मी म्हटलं. नाव मला ठाऊक होतं, पण त्याच्या तोंडून ऐकायचं होतं.

"भगवानराव विठ्ठलराव देशमुख. मुक्काम वरुडखेड."

वरुडखेड हे माझं सासर. माझा बाप मलकापूर स्टेशनात रेल्वेचा खलाशी, म्हणजे मजूर होता, म्हणून मी सात यत्ता शिकले. मग लग्न होऊन वरुडखेडला आले, कडूबाच्या घरात. आम्ही दोघंही भगवानरावाच्या शेतात राबायचो. गावाबाहेरच्या आमच्या वस्तीतली सगळीच राबायची.

सत्तावन्न सालच्या दिवाळीनंतर गावात देवी टोचणारा आला. सायकल, पेटी, काखेत लांबडी वही. तेव्हा शिवारात कापूस फुटून पांढरा झाला होता, वेचणी ऐन भरात होती. टोचलं की दंड सुजतो, दोन दिवस ताप येतो, हे सगळ्यांना माहीत होतं. टोचणारा भगवानरावाच्या ओट्यावर बसला, तिथेच जेवला, आणि दुपारभर वहीत लिहीत राहिला. मी वेचलेला कापूस टाकायला गेले तेव्हा त्याला लिहिताना पाहिलं. संध्याकाळी सायकलला पेटी बांधून तो निघून गेला. गावातल्या एकाही माणसाच्या दंडाला त्याने हात लावला नव्हता. आम्हाला वाटलं, वेचणी सरल्यावर परत येईल.

फाल्गुनात देवी आली. सगळ्यात आधी माझ्या रुखीला. साडेतीन वर्षांची होती. सहाव्या दिवशी तिच्या डोळ्यांत फोड आले, आठव्या दिवशी तिला पाणी गिळता येईना. मी कापसाचा बोळा भिजवून तिच्या ओठांवर पिळायची. दहाव्या दिवशी ती गेली. त्या दोन महिन्यांत गावात एकोणीस लेकरं गेली. अकरा आमच्या वस्तीतली, आठ गावातली.

मग चौकशीला एक अधिकारी आला. मी पुढे होऊन सांगितलं, की साहेब, आमच्या गावात टोचणी झालीच नाही. त्याने वही उघडून माझ्यापुढे धरली. एकशे सत्त्याऐंशी नंबरला माझ्या लेकीचं नाव होतं. पुढे लिहिलं होतं, टोचले, यशस्वी. शेवटी साक्षीदार म्हणून भगवानरावाची सही.

"खोटं बोलू नको बाई," तो म्हणाला. "सरकारी कागद आहे हा."

पण एवढ्यावर भागलं नाही. टोचणी झालेली असताना लेकरं मेली कशी, असं गाव विचारू लागलं, तेव्हा भगवानरावाने उत्तर तयार ठेवलं होतं. आम्ही वर्षभरापूर्वीच बौद्ध झालो होतो. घरातले देवीचे टाक नदीत सोडले होते. भगवानराव पारावर बसून म्हणाला, "देवी नदीत टाकली यायनं, मंग ती कोपनार नाई तं काय?" त्याच्या धाकट्या भावाचा, रामरावाचा, पाच वर्षांचा गजानन त्या आठांत गेला होता. रामरावाची बायको पुष्पाबाई आमच्या वस्तीच्या तोंडाशी आली आणि सगळ्यांदेखत मला नाव घेऊन म्हणाली, "शाले, तुह्या घरातून आली ती. तुह्या पापानं माह्यं लेकरू गेलं." माझीच कूस रिकामी झाली होती.

आम्हाला गावात काम मिळेना. आम्ही चिखलीला आलो. कडूबा बाजारात हमाली करू लागला. मला सातवीचा दाखला उपयोगी पडला, नर्सचं शिक्षण घेता आलं. टोचणीचंच काम मिळावं म्हणून मी तीन अर्ज केले होते. लोक म्हणायचे, हिला लेकरांची माया. माया होतीच. पण ज्या ज्या गावी मी जायची, तिथे वहीत एक नाव लिहायच्या आधी दोनदा दंड पाहायची.

"बाही वर करा," मी भगवानरावाला म्हटलं.

डावा दंड पाहिला, मग उजवा. कुठेही जुन्या टोचणीचा वण नव्हता.

"लहानपणी टोचलं नव्हतं काय?"

तो हसला. "नाई वो. आमच्या मायचा देवीवर लय भरोसा. तिनं कधी टोचू देलं नाई. मोठेपनी मंग कोन टोचून घेते?"

मी खाली मान घालून पुस्तिकेचं पान उलटत राहिले, कारण माझा चेहरा त्याला दिसू द्यायचा नव्हता. त्या अधिकाऱ्याने वही माझ्यापुढे धरली तेव्हा मी रुखीच्या नावाबरोबर पहिली ओळही वाचली होती. इतरांना धडा म्हणून मालकाने आधी टोचून घेतलं, असं दाखवायला पहिलं नाव त्याचंच घातलं होतं. पुढे लिहिलं होतं, दुसऱ्यांदा टोचणी.

आमच्याकडे एक छापील नमुना असे. परदेशी जाणाऱ्याने त्यात लिहून द्यायचं, पूर्वी टोचणी झाली आहे की नाही. ज्याला आधी टोचलेलं असे त्याची पुस्तिका त्याच दिवशी चालू होई. पहिल्यांदाच टोचलेल्याला आठ दिवस थांबावं लागे, टोचणी उठली की नाही हे पाहायला.

मी हे सांगताच तो म्हणाला, "मंग लिवा ना झाली हाये म्हनून. कोन पाहून राह्यलं?"

"मुंबईचे डॉक्टर दंड पाहतात, मालक. जुना वण दिसला नाही तर पुस्तिका फाडून टाकतात." हे अर्धं खरं होतं. "तुमचं विमान एकोणतीसला आहे. चोवीसला या. पुस्तिका हातात देते."

"मालक" म्हटल्यावर तो सैल झाला. मी नमुना पुढे सरकवला. त्याने खिशातलं पेन काढून लिहिलं, 'यापूर्वी मला देवीची लस कधीही टोचलेली नाही', आणि खाली वळणदार सही केली. मी त्यावर टीपकागद दाबला.

मग टोचायचं. खोटं कशाला सांगू, माझ्या मनात वाईट आलं. टोचणीची सुई दिव्यावर धरलीच नाही तर? जरा खोल दाबली तर? तो दंड माझ्या हातात होता आणि खोलीत तिसरं कोणी नव्हतं. मी सुई दिव्यावर धरली, एकदा नाही, दोनदा. स्पिरिटने दंड पुसला. मला तो आजारी पडायला नको होता. ती टोचणी नीट, डोळ्यांत भरेल अशी उठायला हवी होती. दुसऱ्या दंडात पटकीचं इंजेक्शन दिलं आणि त्याला वाटेला लावलं.

त्या संध्याकाळी कडूबाला सांगितलं. तो चिखलीहून शनिवारी आणि मंगळवारी माझ्याकडे मुक्कामाला यायचा. भाकरी मोडता मोडता तो थांबला.

"सोड शाले. रुखी येनार हाये काय वापस?"

"नाई."

"मंग काऊन उकरून राह्यली?"

"तिचं मरन खोटं नाई, कागद खोटा हाये, म्हनून. टोचली असून मेली असं लिवलं हाये तिच्या नावापुढं. ते मी तसं राहू देनार नाई. अन त्याले बी सुखानं जाऊ देनार नाई."

कडूबाने ताटातली भाकरी संपवली नाही.

जिल्हा परिषदेच्या आधी जनपद सभा होती, तिची दप्तरं, टोचणीच्या वह्यांसकट, कचेरीच्या मागच्या खोलीत रचून ठेवलेली होती. त्यांच्यावर कचरू नावाचा म्हातारा शिपाई होता, नोकरीचं शेवटचं वर्ष चाललेला. त्याला मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "पाहा बाई. वाळवीनं ठेवलं असंल तं सापडंल." ड्यूटी सुटली की मी तिथे बसायची. लाल फडक्यातली गाठोडी सोडायची, झटकायची, बांधायची. पहिल्या दोन दिवसांत नाकात धूळ जाऊन डोकं धरलं. तिसऱ्या दिवशी पाचव्या गाठोड्यात ती लांबडी वही निघाली. कडेने वाळवी लागली होती, पण अक्षरं शाबूत होती.

पहिला नंबर, भगवानराव विठ्ठलराव देशमुख, दुसऱ्यांदा टोचणी, यशस्वी. चौऱ्याण्णवावा, गजानन रामराव देशमुख. मी बोट खाली खाली नेत एकशे सत्त्याऐंशीवर आणलं. रुखी कडूबा, वय तीन. माझ्या लेकीचं नाव सरकारदरबारी एकदाच लिहिलं गेलं होतं, आणि तेही खोटं. मी तिथे बसूनच रडले. कचरू दाराबाहेर जाऊन उभा राहिला.

चोवीस तारखेच्या सकाळी, भगवानराव यायच्या आधी, मी वही आणि त्याने लिहून दिलेला नमुना डॉक्टरसाहेबांपुढे ठेवला. चौबळसाहेब कोकणातले, कमी बोलणारे. दोन्ही कागद त्यांनी दोनदा वाचले.

"शालूबाई, दाखला अडवता येणार नाही हं. त्यांची टोचणी खरी आहे."

"मला अडवायचाही नाही, साहेब. त्यांनी जावं. पण जायच्या आधी हे काय आहे ते सांगून जावं."

साहेबांनी चष्मा पुसला. "बरं," एवढंच म्हणाले.

भगवानराव दहा वाजता आला. दंड अवघडून धरला होता. साहेबांनी त्याला खिडकीपाशी बसवून बाही वर केली. टोचल्या जागी टपोरा फोड होता, मधे खळगा, भोवती लालबुंद.

"छान उठलंय. ताप आला होता?"

"दोन दिस. काखेत गाठ बी आली."

"पहिल्यांदा टोचलं की असंच उठतं. आधी टोचलेलं असेल तर असा फोड येत नाही."

"तेच तं सांगतलं मी या बाईले. मले कधीच टोचलं नाई."

साहेबांनी वही उघडून त्याच्यापुढे सरकवली. "मग ही साक्षीदाराची सही कोणाची?"

त्याने चष्मा लावला. पान पाहिलं, पान उलटून पहिली ओळ पाहिली, परत शेवटाला आला. मानेवर घामाचा ओघळ आला तो मी पाहिला. आठ वर्षं मी तो पाहायची वाट बघत होते.

"हे जुनं हाये साहेब. तवा कोनं काय लिवलं, कोनाले आठोते?"

"सही तुमची आहे की नाही?"

"दिसते तं तशी."

"या वहीप्रमाणे तुम्हाला सत्तावन्न साली टोचलंय, आणि त्याच्या आधीही एकदा. या नमुन्याप्रमाणे कधीच टोचलेलं नाही. वही खरी असेल तर नमुना खोटा, आणि खोट्या नमुन्यावर मी सही करत नाही. नमुना खरा असेल तर वही खोटी. कोणतं ते तुमच्या हातानं लिहून द्या. मग मी लगेच सही करतो."

"साहेब, एवढ्याशा गोष्टीले तुमी माह्यी अमेरिका अडवता?"

"मी काहीच अडवत नाहीये. कागद तुमच्यापुढे आहे."

तो उठला. बाहेरच्या जीपकडे पाहिलं, घड्याळात पाहिलं. कुठल्या पुढाऱ्याला टेलिफोन करावा याचा विचार करत असावा. साहेब शांतपणे दुसरं काम काढून बसले. पाच मिनिटं गेली. विमानाला पाच दिवस उरले होते, आणि त्यातला एक मुंबईला पोचण्यात जाणार होता. शेवटी तो खुर्चीत बसला आणि पेन काढलं. त्याला वाटलं असावं, एका वहीचा एक कागद, कोण वाचतंय. आजवर कोणी वाचला नव्हताच.

"किती लोकांना टोचलं होतं, तेही लिहा," मी म्हटलं.

"कोनालेच नाई," तो चिडून म्हणाला.

"तेच लिहा."

त्याने लिहिलं, 'सन १९५७ मध्ये वरुडखेड गावी कोणासही देवीची टोचणी झाली नाही. वहीतील नोंदी माझ्या सांगण्यावरून व माझ्यासमक्ष लिहिल्या गेल्या.' सही, तारीख. साहेबांनी कागद घेतला, पुस्तिकेवर सही केली, आणि मी शिक्का मारला.

पुस्तिका खिशात घालताना त्याने पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. "तुमी कोन?"

"एकशे सत्त्याऐंशी नंबर पाहा. तिची माय."

त्याने वहीकडे पाहिलं नाही. दारात थांबून अहो-जाहो सोडून म्हणाला, "मी वापस आलो का पाहातो तुले."

"या ना. आमी बी वाट पाहातो."

तो कागद साहेबांनी पत्र जोडून कलेक्टर कचेरीत पाठवला. त्याआधी मी त्याची नक्कल करून घेतली, वहीतल्या सगळ्या नावांसकट. कचेरीतून काय निघायचं ते निघेल. माझी वाट दुसरीकडे जात होती.

भगवानराव मुंबईला गेल्यावर चार दिवसांनी मी वरुडखेडला उतरले. आठ वर्षांत पहिल्यांदा. वस्तीत न जाता सरळ रामरावाच्या दाराशी गेले. पुष्पाबाई सुपात तांदूळ घेऊन निवडत बसली होती. मला पाहून तिचे हात थांबले.

"तू काऊन आली?"

"कागद दाखवाले आली. वाचता येते ना तुमाले?"

तिला वाचता येत होतं. आधी तिने भगवानरावाचा जबाब वाचला. मग मी नावांच्या यादीवर बोट ठेवलं. चौऱ्याण्णव. तिने ते नाव ओठांतल्या ओठांत वाचलं, पुन्हा वाचलं. सूप तिच्या मांडीवरून घसरलं आणि तांदूळ ओट्याभर सांडला.

"टोचलं नव्हतं?"

"कोनालेच नाई."

"मी इचारलं होतं त्यायले," ती हळू म्हणाली. "म्या सोता इचारलं, भावजी, गजूले टोचाचं राह्यलं. तं म्हने, पुष्पाबाई, आपल्या घरचं टोचून झालं समजा." ती खांबाला टेकली. मग तिला आठवलं, आणि तिने माझ्याकडे पाहिलं. "अन म्या तुले..."

मी तिला त्यातून सोडवलं नाही. ते बोलणं मी आठ वर्षं वागवलं होतं. तिनेही थोडं वागवावं. मी म्हटलं, "तुमी मले बोलल्या ते मी गिळलं. आता हे तुमी काय करता ते तुमी पाहा." नक्कल तिच्या हातात ठेवून मी उठले.

त्यानंतरच्या महिनाभरात तो कागद गावातल्या आठही घरांत फिरला. मला सांगायला जावं लागलं नाही. पुष्पाबाई स्वतः घेऊन फिरली, आणि शेवटी आमच्या वस्तीतही आली. वस्तीच्या तोंडाशी जिथे उभी राहून मला बोलली होती तिथून ती आत आली, प्रत्येक दारात थांबली, नंबर वाचून दाखवला.

ऑक्टोबरात भगवानराव परतणार असल्याचं त्याच्या माणसांनी तालुक्यात छापून वाटलं होतं. मलकापूर स्टेशनात सत्कार, बँड, तिथून मिरवणूक. त्या दिवशी मी रजा घेतली. मलकापूरला बापामागे माझा भाऊ रेल्वेत लागला होता. मी प्लॅटफॉर्मवर पाण्याच्या नळापाशी उभी राहिले.

दुपारची गाडी आली. बँडवाले वाजवायला सरसावले. हार घेतलेले पाच-सहा पुढारी होते. आणि त्यांच्या मागे वरुडखेडची माणसं, तीसेक तरी. गावातली आणि वस्तीतली एकत्र. त्यांच्या हातात काही नव्हतं. आठ वर्षांत ती एकत्र उभी राहिलेली मी पाहिली नव्हती.

भगवानराव उतरला. कोट, गळ्यात कॅमेरा, चेहऱ्यावर हसू. पहिला हार गळ्यात पडेपर्यंत ते टिकलं. मग पुष्पाबाई पुढे आली. डोक्यावरचा पदर घट्ट धरलेला, आवाज मात्र पूर्ण प्लॅटफॉर्मवर जाईल असा.

"भावजी, माह्या गजूचं नाव कितव्या नंबरवर होतं?"

बँड अर्ध्यातच थांबला.

"पुष्पाबाई, हे घरचं घरी बोलू..."

"तुमाले ठावं नाई. चौऱ्याण्णव." तिने मागे हात केला. "हा कचोऱ्या, याची रखमा एकशे बारा. हा जानराव, याचे दोन गेले, एकशे चाळीस अन एकशे एकेचाळीस. सांगा यायले, काऊन टोचू देलं नाई?"

तो रामरावाकडे पाहू लागला. सख्खा भाऊ, आयुष्यभर त्याच्या शब्दाबाहेर न गेलेला. रामरावाने मान वळवली नाही. सरळ त्याच्या डोळ्यांत पाहत राहिला.

आणि मग भगवानरावाच्या तोंडून ते निघालं. चिडून, बाजू मांडायला म्हणून. "कापूस उभा होता रे! दोनशे मानसं तापानं पडली असती, तं वेचनी कोन केली असती? मले काय माहीत का देवी येईन म्हनून?"

कोणी ओरडलं नाही. कोणी अंगावर धावलं नाही. हारवाल्या पुढाऱ्यांपैकी एक जण हार तसाच हातात धरून हळूच मागे सरकला, मग दुसरा. रामराव म्हणाला, "दादा, वाटन्या झाल्या. तुमचं सामान शेतातल्या घरात नेऊन ठेवलं हाये. आमच्या दारात येऊ नका." आणि बायकोला घेऊन निघाला. त्यांच्यामागून सगळी माणसं निघाली.

भगवानराव प्लॅटफॉर्मवर उभा राहिला, गळ्यात एक हार आणि एक कॅमेरा. इकडेतिकडे पाहताना त्याची नजर नळापाशी आली. त्याने मला पाहिलं. मी नजर हटवली नाही. त्याने हटवली.

माझ्या पोटात काय झालं ते सांगते. आनंद म्हणतात तो नव्हे. खूप दिवसांची भूक लागलेल्या माणसाला पहिला घास गरम लागावा, तसं. मला अजून हवं होतं.

थोडं अजून मिळालंही. पुढच्या निवडणुकीत त्याला पंचायत समितीचं तिकीट मिळालं नाही. अपक्ष उभा राहिला आणि पडला, वरुडखेडातसुद्धा पडला. चौकशी झाली, पण टोचणारा केव्हाच मेला होता, आणि भगवानरावाला शिक्षा अशी काही झाली नाही. वहीत मात्र लाल शाईने एक शेरा पडला, की सर्व नोंदी असत्य. माझी बदली झाली, त्या सत्काराच्या दिवसानंतर दोनच महिन्यांत, लोणारकडे सुलतानपूरला. कोणी करवली ते विचारलं नाही. कडूबाही चिखली सोडून आला. सुलतानपुरात आम्ही चांगले रुळलो.

पाच वर्षांनी एका सकाळी भगवानरावाच्या शेतावरचा माणूस, सहदेव, दवाखान्याच्या ओट्यावर येऊन बसला. म्हणाला, मालकाची उजवी बाजू गेली. बोलणं जड झालं आहे. घरचं कोणी येत नाही. रोज एकच म्हणतात, त्या नर्सबाईला आण, तिने एकदा येऊन माफ केलं म्हणावं.

कडूबा ऐकत होता. तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "जाऊन ये शाले. मरनारा मानूस हाये. तुह्यं काय जाते?"

कडूबाचं मन माझ्यापेक्षा मोठं आहे, हे मी लग्नापासून जाणते. सहदेवला चहा दिला, एसटीची वेळ सांगितली.

"मंग काय सांगू त्यायले?" त्याने विचारलं.

"सांगजो, बाई भेटली व्हती. येत नाई म्हने."

"एवढंच?"

"एवढंच."

तो गेला. मी पेटीत बर्फ भरला, सुया उकळून घेतल्या आणि शाळेकडे निघाले. त्या दिवशी तिथे पहिलीच्या पोरांना टोचायचं होतं.